तर्जनीची लाली

सांगली,
२ ऑक्टोबर १९७३

सौ. शालूवहिनींस, अंबूचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दादा यंदाही गुऱ्हाळाला जाणार नाही म्हणतो, हे वाचून प्रयोगशाळेत दिवसभर चित्त लागलं नाही. लढाईत त्याच्या उजव्या दंडातला मज्जातंतू तुटला, तो दीड वर्षापूर्वी लष्करी इस्पितळात शिवला. असा तंतू रोज जेमतेम नखाच्या जाडीएवढा वाढतो. आता तो बोटांपर्यंत पोचायला हवा. पोचला का, हे दादाच्या आधी त्याच्या कातडीला कळेल.

माझं इथलं काम हेच आहे. उंदराच्या पायाला मिरचीचा अर्क लावला की पाय लाल होतो, सुजतो. ती लाली मिरची आणत नाही, तंतू आणतो. त्याच्या टोकातून काहीतरी झिरपतं. ते काय, हे मी शोधते. तंतू तुटलेला असेल तर कितीही मिरची लावा, पाय पांढराच. आई म्हणेल, पोरगी एवढी शिकली आणि उंदरांना मिरच्या लावते. म्हणू दे.

दर आठ दिवसांनी दादाच्या दोन्ही तर्जनींना, नखाच्या मागे, वाटलेली मिरची लावा. अर्ध्या तासानं पुसा. वर पतंगाचा कागद ठेवून लालीची कड पेन्सिलीनं काढा. डावं बोट ताडून बघायला. कागद मला पाठवा.

लोभ आहे, तो असाच राहू द्यावा.
अंबू

कोरेगाव,
२० ऑक्टोबर १९७३

अंबूवन्संना शालूचा नमस्कार वि. वि.

तीन खेपा मिरची लावली. डाव्या बोटाला दर खेपंला लाली आली आन हे अंगणभर नाचले. उजव्याला काय बी न्हाई. त्याचे कागद कोरेच हायेत. मिरची कमी पडली म्हनू नका. घरची लवंगी हाय, वाटताना शेजारीण शिंकत हुती.

हे हसत्यात, पण मनातनं न्हाई. म्हनत्यात, पलटणीत गोळी लागली ती कळली, बहिणीची मिरची कळंना. काल गुऱ्हाळवाले आकाराममामा आले. यंदा गुळव्या कोण, ते दिवाळीच्या पाडव्याला ठरवायचं म्हनाले. उकळता पाक चिमटीत धरून गोळी वळायची आन काहील कवा उतरायची ते सांगायचं, हे मामंजी गेल्यापास्नं ह्यांचं काम. ह्यांनी सांगितलं, माझी चिमूट मेली, दुसरा बघा. मामा चहा टाकून उठले.

डाव्या हातानं बघा म्हनलं, तर म्हनत्यात डाव्याला गूळ कळत न्हाई.

लोभ असू द्या, उत्तर बिगीनं धाडा.
शालू

सांगली,
२२ ऑक्टोबर १९७३

सौ. शालूवहिनींस, सा. न. वि. वि.

कागद उजेडात धरले. डाव्या बोटाचे कोरडे आहेत. उजव्याचे तिन्ही तेलकट, पलीकडचं दिसतं. वास घेतला. तूप आहे, आपल्याच घरचं. तुपावर मिरची लागत नाही.

कोणी लावलं ते विचारत नाही. बोट शिकेकाईनं धुवा, कोरडं करा आणि पाडव्याच्या आत पुन्हा लावून बघा. तेवढा वेळ आईला देवळात धाडा.

तंतू पोचला नाही, असं मी प्रोफेसरांना सांगून बसले होते. आज जाऊन शब्द मागे घेतला. ते म्हणाले, अशी आई कुठल्याच पुस्तकात दिलेली नसते.

घाईत आहे, लोभात उणं नाही.
अंबू

कोरेगाव,
२५ ऑक्टोबर १९७३

अंबूवन्संना शालूचा नमस्कार वि. वि.

सासूबाईच. रोज सकाळी ह्यांचा हात चोळत्यात, ते ठावं हुतं. मिरचीच्या दिवशी बोटाला वरनं तूप, लेकराला झोंबू नये म्हनून. विचारलं तर म्हनाल्या, लढाईत कोण हुतं लावायला?

आज धुऊन लावली. सासूबाई देवळात गेल्या न्हाईत, दारात पाठ करून बसल्या. जरा वेळानं नखामागं गुंजेएवढं तांबडं उठलं. मग पसरत पावलीएवढं झालं. हे म्हनाले, मुंग्या चालत्यात. सासूबाई न वळता म्हनाल्या, खोटं बोलू नगंस. मग मी त्यांना धरून आणलं आन बोट दावलं.

कागद धाडतेय. ह्यावर बी डाग हाय, पण तो तुपाचा न्हाई. कड काढताना सासूबाई वाकून बघत हुत्या.

हाय तो लोभ हाय.
शालू

कोरेगाव,
१८ नोव्हेंबर १९७३

चि. अंबूस, सयाजीचे अनेक आशीर्वाद.

अक्षर डाव्या हाताचं आहे. कारण खाली.

पाडव्याला मामांना हो म्हणालो. पहिली काहील बिघडली. मामांनी चारचौघांत विचारलं की हा गूळ खायचा का प्यायचा. दुसरी बरी. परवा तिसरी. मामा उतरा, उतरा म्हणत होते. मी पाण्यात बोटं बुडवून पाक उचलला, गोळी वळली. ती अजून बोटाला चिकटत होती. थांबा म्हणालो. पुन्हा उचलला, वळला, सुटला. उतरवली. सकाळी ढेप ठोकली तर खणखणीत वाजली. मामांनी माझ्यापुढं चहा ठेवला.

एक ढेप आकाराममामांच्या जावयाबरोबर धाडतोय. अर्धी प्रोफेसरांना दे. उंदरांना देऊ नको.

उजव्या तर्जनीला फोड आलाय. गेल्या वर्षी चुलीपाशी असे चार आले. ते शालूनं दाखवले तेव्हा मला कळले. हा मी तिला दाखवला.

लोभ आहे.
सयाजीदादा