काळ्याला कारण आहे

सोमवार, ७ मे

आज पुन्हा काळं! शौचाला गेलो, खाली बघितलं. मग आठवलं — गॅससाठी कोळशाच्या कॅप्सूल चालू आहेत, पोटातून कोळसाच जाणार. जिवात जीव आला.

थोरल्या भावालाही असंच काळं व्हायचं. पोटात रक्त झिरपत होतं, आणि आम्ही म्हणत बसलो, खाण्यात काही आलं असेल. गेला तो.

मंगळवार, ८ मे

औषधवाल्याला आडून विचारलं. "कोळशानं काळं होतंच, घाबरू नका." वर म्हणे, दवाखान्यात काही विषांवर देतात तो हाच कोळसा, पोटात सापडेल ते ओढून घेतो. म्हणून दुसऱ्या गोळ्यांबरोबर घ्यायचा नाही. आणि रोज तर नकोच.

आमच्याकडे बीपीची गोळी आणि ही, एकाच घोटात. बायको डबीतून काढून हातावर ठेवते, मी न बघता गिळतो.

शुक्रवार, ११ मे

गॅस कधीच गेला. कॅप्सूल बंद करायला हव्यात. करत नाही. बंद केल्या आणि तरी काळंच आलं तर? चालू आहेत तोवर काळ्याला कारण आहे.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

रविवार, १३ मे

दुकानात गर्दी. दिवसभर आरशासमोर उभं राहायचा धंदा, तोंड चुकवणार कुठे? दाढीला बसलेले मास्तर आरशातूनच म्हणाले, "फेस माझ्या गालाला, आणि पांढरे तुम्ही!" सगळे हसले. मीही हसलो. वस्तरा खाली ठेवला. कंबर धरली होती, दुखण्याच्या दोन गोळ्या उभ्याउभ्याच खाल्ल्या. हल्ली त्याही रोजच्याच झाल्यात.

सोमवार, १४ मे

काळं. डांबरासारखं चिकट. वासही वेगळाच.

कोळसाच असणार.

बुधवार, १६ मे

दोन पायऱ्या चढलो की धाप. बायको म्हणाली, डॉक्टरकडे चला. मी खेकसलो तिच्यावर. डॉक्टर काय, पहिलं हेच सांगणार — कॅप्सूल थांबवा, मग बघू. तेच तर बघायचं नाहीये मला.

गुरुवार, १७ मे

शेवटी बायकोला सांगितलं. काळं होतंय, पण कोळशामुळे हं, असं म्हटलं. ती म्हणाली, "अहो, त्या तर मी मागच्या आठवड्यातच टाकून दिल्या. बीपीची गोळी वाया जाते, असं औषधवाला मलाही बोलला. डबीत आहेत त्या गॅसवरच्याच दुसऱ्या, दिसायला तशाच. कोळसा नाही त्यात."

ती गाडी बघायला गेलीय. मला उभं राहवत नाहीये.