गोचीड आणि भिंतीच्या भेगा

माय, आज झरीच्या एका गोठ्यात गाईवर औषध फवारलं, हात धुतले, तर बोटांना नुसता साबणाचा वास. तुझ्या बोटांना रॉकेलचा यायचा. रोज सकाळी तू आपल्या तांबडी गाईच्या कानामागून, शेपटीखालून एकेक गोचीड उपटायचीस, रॉकेलच्या डब्यात टाकायचीस आणि त्याच हातांनी माझी वेणी घालायचीस. मी नाक मुरडायचे. आता त्याच वासासाठी जीव तुटतो बघ.

जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकून मी नवी नवी घरी आले होते. शेजारच्या बाया बसलेल्या असताना तुझ्या हातातला डबा हिसकून घेतला. म्हटलं, हे अडाणी धंदे बंद कर. औषध गोचिडाच्या नसांवर चालतं, त्याचे पाय लुळे पडतात, पकड सुटते. मी फवारायच्या आधी तू तांबडीला पाणी पाजलंस, तहानेलं जनावर औषधानं ओलं झालेलं अंग चाटतं म्हणून. ते तेवढं माझ्या ध्यानातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोचिडांचा खच पडला आणि मी लय फुशारले. महिन्याभरात तांबडी पुन्हा गोचिडांनी भरली. मी औषधाला नावं ठेवत बसले, तू शेणमाती कालवून गोठ्याच्या भेगा लिंपायला घेतल्यास. एवढंच बोललीस, "गाईचं अंग धुतलंस बाई, तिचं घर कुठं धुतलंस?"

खरंच होतं. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी आपणच खाली पडते, भेगेत शिरून अंडी घालते, आणि अंगावर फवारलेलं औषध तिथं पोचतच नाही. पिल्लं निघाली की पुन्हा फवारावं लागतं, भेगाही बुजवाव्या लागतात. पुस्तकात होतं गं, मीच गाळलं होतं. पण तुझं बरोबर होतं, एवढं तोंडातून निघेना. उद्या म्हणू, उद्या म्हणू करता तूच गेलीस.

तुला वाचता येत नव्हतं. आलेलं पत्र मीच वाचून दाखवायचे. हे कोण दाखवणार? म्हणून कागद औषधांच्या बॅगेतच ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं. आज त्या गोठ्याच्या मालकिणीला मी भेगा लिंपायला लावल्या. ती म्हणाली, "लय बारीक ध्यान हाय मॅडम तुमचं. कुणी शिकवलं?"

मी म्हणाले, कॉलेजात.