प्रतीक्षासाठी हिरवा सॉस

लोणावळा
२ जानेवारी २०२६

ती. आक्कास,
सप्रेम जय भीम, वि. वि.

इकडे मी मजेत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून कागदच बरा. आपल्या प्रतीक्षाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच, असं लेक धरून बसली आहे. पण तिच्या सासूबाई, मुक्ताबाई, म्हणतात की रतन गेल्यापासून तुमच्या घरात बाईमाणूस न्हाई, पोरीचं खाणंपिणं कोण बघणार? अकरा तारखेला, रविवारी, प्रतीक्षाला घेऊन त्या पवनानगरहून घर बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तरच ती येईल.

पोरीला डोहाळे लागलेत ते तिच्या आईच्या हिरव्या सॉसचे. परसातले टोमॅटो लाल व्हायला लागले की माकडं नेतात, म्हणून रतन कच्चेच काढून सॉस करायची, आठवतंय ना? काल मीही केला. कडूजहर झाला! पण एवढी वर्षं रेल्वेची नोकरी सांभाळली, आता एका बाटलीपुढे हात टेकतोय काय? कृती तेवढी कळव.

लोभ आहेच, तो वाढता असावा.
तुझा,
सुहास

परंदवडी
६ जानेवारी

चि. सुहास यास,
आक्काचा जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आवरेना. चहाचं दूध उतू घालवणारा माझा भाऊ सॉस करतोय! अरे, माकडांच्या धाकाने तू अगदी गोटीएवढे टोमॅटो तोडले असशील. ते कडूच लागायचे. पुरते भरलेले, फिकट हिरवे घे. साल काळी पडेपर्यंत गॅसवर भाज, साल काढ आणि लसूण, जिरं, हिरवी मिरची घालून वाट. पाण्याचा थेंबही नको. मग मीठ-गूळ घालून मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळत राहा. रतनचा हात गुळाला सढळ होता.

लिहिलं खरं, पण मला तुझा भरवसा नाही. शेजारचा भिकाजी लोणावळ्याला कामाला येतो, त्याच्या हाती या पत्राबरोबर मी केलेल्या सॉसची बाटली पाठवते आहे. तीच वाढ आणि तू केलास म्हणून सांग. मुक्ताबाईंना काय कळतंय? पोरीच्या बाळंतपणाचा प्रश्न आहे, उगाच शहाणपणा करू नकोस. गुडघे धड असते तर मीच येऊन ठाण मांडलं असतं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच.
तुझी,
आक्का

लोणावळा
११ जानेवारी, रविवार

ती. आक्कास,
सप्रेम जय भीम, वि. वि.

बाटली पोचली. मी झाकणही उघडलं नाही, रागावू नकोस. तू सांगितलेस तसे भरलेले टोमॅटो काल काढले, भाजले आणि हात भरून येईपर्यंत ढवळले. असा उतरला म्हणून सांगू, मी पातेलं चाटून खाल्लं!

दुपारी भाकरीबरोबर वाढला. प्रतीक्षा म्हणाली, आईचा गोड असायचा, हा झणझणीत आहे. आणि आणखी एक भाकरी मागितली. मुक्ताबाईंनी विचारलं की कुणी केला. मी म्हटलं, मीच. पहिला कडू झाला, तो फेकून दिला. मग आक्काला कृती विचारून हा केला. तिने स्वतःची बाटलीही पाठवलीय, ती कपाटात आहे. हे ऐकून प्रतीक्षाने कपाळाला हात लावला.

जेवण झालं तशा मुक्ताबाई उठल्या. मी मनातून टरकलो होतो, खोटं कशाला सांगू! हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या की चुकलं तर चुकलं म्हणून सांगताय, आता मला घोर न्हाई. पोरीला रातीअपराती काय दुखलं-खुपलं तर तुमी झाकून ठेवणार न्हाई. पुढच्या महिन्यात आणून सोडते.

आक्का, रतन गेल्यापासून आतली खोली बंदच होती. त्या दोघी निघाल्या तसा मी झाडू घेतला. खाट खिडकीपाशी ओढली आहे, प्रतीक्षाला कोवळं ऊन मिळेल.

थोरल्या बहिणीची माया अशीच राहू दे.
तुझा,
सुहास