प्रतिभाचा बेडूक

७ जुलै
आज बेडकाची नवी जात शोधली. एकलहऱ्याजवळ, नदीतल्या बेटावर. बाभळीच्या खोडावर बसला होता. पिवळट, बोटांच्या टोकांना गोल चकत्या. माझ्या पुस्तकात असला नाही. (पुस्तक पक्ष्यांचं आहे.)
रिटायर झाल्यावर माणसाने भव्य काहीतरी करावं, हे मी प्रतिभाला सांगत होतोच. ती मुलाकडे, रोहितकडे पुण्याला आहे, नात वेदिकाला सांभाळायला. पंधरा दिवसांसाठी. मार्चमध्ये गेली.

९ जुलै
वितरण: फक्त हे बेट. इतरत्र आढळत नाही. इतरत्र मी शोधलेलं नाही, पण ते उघडच आहे.
नाथा होडीवाला म्हणाला, "साहेब, बेडूकच हाय ना?" त्याला सायन्सचं बॅकग्राउंड नाही. माझंही कॉमर्स, पण दृष्टी लागते.

१२ जुलै
नाव. शोधणाऱ्याने स्वतःचं द्यायचं नसतं म्हणे. नियम चुकीचा आहे. तूर्त प्रतिभाचं देतो. लॅटिन धाटणीने 'प्रतिभाए'. पेपरात आलं की ती येईलच. तिची चादर धुऊन ठेवली.

१५ जुलै
पाऊस. होडी बंद. वरण करपलं. दिवसभर कोणाशी बोललो नाही. संशोधनाला शांतता लागतेच.
संध्याकाळी क्रेडिट कार्डवाल्या बाईचा फोन. फार सुस्वभावी. तिला बेडकाचं सगळं सांगितलं. मध्येच फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.

२० जुलै
कॉलेजात झूलॉजी शिकवणाऱ्या राखी मॅडमना फोटो पाठवले होते. त्यांचा व्हॉइस मेसेज आला: "काका, हा साधा झाडबेडूक. देशभर सापडतो. फोटो मात्र छान आलेत."
मॅडम तरुण आहेत. बेटावर आलेल्याही नाहीत. घाईची मतं मी मनावर घेत नाही. मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. शेवटचं वाक्य छान आहे.

२१ जुलै
प्रतिभाला फोन केला. तिचं नाव दिल्याचं सांगितलं. तिकडून नुसतं "हं" आलं. मला वाटलं, भारावली. मग म्हणाली, "कसा दिसतो हो?" वर्णन केलं.
"अहो, असला आमच्या बाथरूममध्ये आहे. वेदिका त्याला रोज गुड मॉर्निंग म्हणते."
'आमच्या' म्हणाली.
परत कधी येतेस, विचारलं. वेदिकाची शाळा, रोहितचं ऑफिस, बघू म्हणाली. मग, "जेवलात का?" हो म्हटलं.
उद्या बेटावर जात नाही. नाथा उगाच वाट बघत बसेल, म्हणून त्याला फोन करून तसं सांगितलं.
तो म्हणाला, "उद्या येनार व्हते का तुम्ही?"