चिरुटांच्या खोलीतला वाळा

बाबा, आज अकोल्यात असं ऊन तापलंय की दाराच्या फळ्या तडकल्याचा आवाज येतो, आणि मला आपण अमरावतीच्या क्लबात बांधलेली चिरुटांची खोली आठवते. सेक्रेटरी साहेबाला माणूस आत उभा राहील एवढी खोली हवी होती, तीही सागवानाची. तुम्ही चिरुटांची रिकामी पेटी नाकाशी धरलीत आणि सांगितलंत, सागाचा तेलकट वास मालाला लागेल, या पेटीसारख्याच तुणीच्या लाकडाच्या फळ्या लावू. साहेबाला पटलं. दोन महिने आपण फळीला फळी खाचेत बसवत होतो, एक खिळा तुम्ही दिसू दिला नाहीत. माझं नुकतंच लग्न झालं होतं, आणि तुम्ही सुनेसमोर मला रंधा धरायला शिकवायचात. तेव्हा असा राग यायचा! आता हसू येतं.

खोली बांधणं सोपं, राखणं कठीण. वैशाखात चिरूट वाळून भुगा होतात, पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. साहेबाने भिंतीवर हवेतली ओल दाखवणारं काट्याचं यंत्र लावलं, तुम्ही कोपऱ्यात खड्या मिठाची वाटी ठेवलीत. मीठ खडखडीत असलं की खाली परातीत ठेवलेल्या विटांवर पाणी शिंपायचं, मिठाला पाझर सुटला की झरोका उघडायचा. यंत्राचं आणि वाटीचं कधी भांडण झालं नाही.

उन्हाळ्यात साहेबलोक चिखलदऱ्याला गेले. सेक्रेटरी बजावून गेला होता, माल बिघडला तर खोलीची राखण नागपूरच्या मिस्त्रीकडे जाईल. पुढे तुम्ही चौकटी बसवायला आठ दिवस वलगावला गेलात, आणि मी शहाणपणा केला. साऱ्या गावात गारव्यासाठी दारांवर वाळ्याच्या ताट्या लागलेल्या. म्हटलं, आपल्याही खोलीला जरा सुवास येऊ दे. परातीत वाळ्याची जुडी टाकली आणि स्वतःवरच खूश झालो.

तुम्ही परतलात त्याच दिवशी साहेबही उतरले. सेक्रेटरीने चिरूट पेटवला, एक झुरका घेतला आणि थांबला. हा वाळा कोणी घातला म्हणून विचारलं. तुम्ही पुढे होऊन म्हणालात, "म्या ठेवला, साहेब. चूक माही हाये."

खालच्या कप्प्याचा सगळा माल फेकावा लागला. साहेबाने वरचे कप्पे तपासले, भिंतीच्या सांध्यांवरून हात फिरवला आणि खोली दिवाळीपर्यंत तुमच्याकडेच ठेवून बघतो म्हणाला. ती खोली मग तुमचे हात थकेपर्यंत तुमच्याकडेच राहिली.

त्या संध्याकाळी घरी पाणी प्यायला गेलो, तर तीच जुडी धुऊन आपल्या माठात टाकलेली. मी तुमच्याकडे पाहिलं. "पे," तुम्ही म्हणालात, "वाळा माठातच बरा लागते." मी लोटाभर पाणी प्यालो. तुम्हाला कळलंय, मग बोलायचं कशाला, असं तेव्हा वाटलं. पुढेही तसंच वाटत राहिलं.

तुम्ही गेल्यावरही तुमची मिठाची वाटी अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. हा कागद घडी करून तिच्याखाली ठेवतो. वाळा मी टाकला होता, बाबा.