हातोबाची पाच पावलं

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. त्यात तू एकच गोष्ट विचारली होतीस आणि तिचं उत्तर मी फोनवर एका शब्दात देऊन मोकळीही झाले. ते उत्तर मला आता मागे घ्यायचं आहे. का, हे फोनवर सांगायला गेले तर 'बाबा' हा शब्द ऐकताच तू नेहमीसारखा विषय बदलशील, दारात कुणी आलंय म्हणशील. कागद हातात आला की माणूस निदान शेवटापर्यंत वाचतो, म्हणून हे लिहिणं. अक्षर वाकडंतिकडं येईल, समजून घे. रविवारपासून मी हादरलेली आहे.

सुरुवात माझ्या कामापासून करते, कारण घोटाळा तिथेच झाला. माझी ही गोगलगाय बहीण दिवसभर खेळते आणि त्याचा पगार घेते, असं तू लोकांना सांगत असतोस. सध्या आम्ही जो खेळ करतोय त्यात बुद्धिबळासारख्या चौकोनांचा मोठा पट आहे आणि त्यावर जुन्या ॲनिमे मालिकांमधले तीसेक महाकाय रोबो एकमेकांच्या बाजूने किंवा विरुद्ध लढतात. प्रत्येकाने आपापल्या डावात चालायचं, मग मारायचं. माझं काम म्हणजे त्यांची शस्त्रं तक्त्यात बसवणं. कुठल्या शस्त्राचा पल्ला किती चौकोन, मारा किती, ताकद किती खर्च होते, ते जमिनीवर चालतं की हवेतही, असं सगळं. जवळ, मध्यम आणि लांब अशी तीन तरी शस्त्रं प्रत्येकाकडे हवीत, नाहीतर तो पटावर नुसता उभा राहतो. तलवारवाले, अग्निबाणवाले पटापट आटोपले. मग यादीत एकतिसावं नाव आलं आणि मी डोक्याला हात लावला. आपला हातोबा.

आपला म्हणजे बाबांचा. तू आठ वर्षांचा असताना त्यांनी स्टुडिओत बसून काढलेला. हात घोट्यापर्यंत लोंबतात म्हणून गल्लीतल्या पोरांनी ते नाव ठेवलं आणि तेच राहिलं. तू त्याचा एकही भाग पाहिलेला नाहीस. मालिका लागली की तू न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायचास आणि आई पाणी वाया जातं म्हणून ओरडायची. त्यामुळे तुला सांगायला हवं की हातोबाला फक्त एकच काम येतं. त्या मालिकेत जमिनीखालचे राक्षस माणसांना अरुंद खड्ड्यांत ओढून नेतात आणि हातोबा त्यांना बाहेर काढतो. त्याचा उजवा हात लांब लांब होत जातो, पण फक्त खाली. मूठ कितीही आवळली तरी एका हद्दीपलीकडे आवळत नाही. तळहातात दिवा आहे. खांद्यांवर दोन रुंद फळ्या आहेत. सपाट जमिनीवर समोर शत्रू आला तर हातोबा काहीही करू शकत नाही. सव्वीस भागांत मालिका बंद पडली आणि बाबा पुढे आयुष्यभर धुलाई यंत्रांच्या माहितीपुस्तिकांसाठी चित्रं काढत राहिले.

आमच्या साहेबांनी पहिले तीन भाग पाहिले आणि म्हणाले की हा योद्धा नाही, हा गाळ उपसायचा पंप आहे. पण हक्क विकत घेतलेले, म्हणजे तो खेळात हवाच. मग मी कंबर कसली. हात स्वतःच्या पायाशी जमिनीत घुसतो आणि तीन चौकोन पलीकडे शत्रूच्या खालून वर येतो असं केलं. झाला मध्यम पल्ला. दिव्याने जवळच्या शत्रूचे डोळे दिपतात आणि नेम चुकतो. झाला जवळचा पल्ला. त्या फळ्यांचं काय करायचं ते कळेना. मालिकेत तो त्या जमिनीवर आडव्या टाकतो आणि त्यांच्यावर चक्क पालथा झोपतो. ढाली अशा वाया घालवणारा रोबो मी दुसरा पाहिलेला नाही. म्हणून मी त्यांना धार लावली आणि फिरत जाणारी पाती करून टाकली. लांब पल्ला. साहेबांनी टाळी दिली.

एक खोड तेवढी राहिली होती. खड्ड्यात हात घालण्याआधी हातोबा दर वेळी पाच पावलं मागे जातो. सव्वीसच्या सव्वीस भागांत. खाली माणूस आक्रोश करतोय आणि हा मागे सरतोय. तेव्हाची पोरं त्यालाच हसायची, हातोबा भित्रा म्हणायची, आणि तुला चिडवायला ते आयतंच सापडायचं. खेळात मागे पाच चौकोन म्हणजे अख्खा डाव फुकट. मी तक्त्यात शेरा मारला, 'ही हालचाल निरुपयोगी, काढून टाकावी.' आणि काढून टाकली. माझ्या हाताने.

आता ते लिहिते, जे आपण दोघं बोलत नाही. तुझ्याच शब्दांत लिहिते, म्हणजे माझ्याकडून फेरफार नको. तू सहा वर्षांचा, मी तीन. घरामागे नव्या इमारतीच्या खांबांसाठी खड्डे खणलेले, तोंडाशी टोपलीएवढे, खोल दोन पुरुष. तू चेंडूमागे गेलास आणि एकात सरळ खाली. सगळ्यांत आधी बाबा पोचले. त्यांचं तोंड वर दिसत होतं, हात खाली येत होता, पुरत नव्हता. वरून माती पडत होती, तुझ्या डोळ्यांत, नाकात, गळ्यापर्यंत. मग तोंड दिसेनासं झालं. बाबा निघून गेले. आणि तू पुढे जे म्हणतोस ते मला पाठ आहे, तुझ्या लग्नातही तू मित्रांना हसत हसत सांगितलंस की बाबांना माझी दया आली नाही, पण मातीला आली, ते गेले आणि ती पडायची थांबली. सात तासांनी अग्निशमन दलाने तुला वर काढलं तेव्हा बाबा लांब, दोरीच्या पलीकडे, लोकांत उभे होते. तेवढं तू पाहिलंस आणि तिथून पुढे तुझं त्यांच्याशी कामापुरतंच राहिलं. आई गेल्यावर तेही राहिलं नाही.

हातोबाचा आणि त्या खड्ड्याचा संबंध मला कधी लागलाच नाही असं म्हणणार नाही. मला वाटायचं, बाबांनी आपली लाज झाकायला तो काढला. जे स्वतःला जमलं नाही ते रोबोकडून करून घेतलं. मी तुला तसं बोललेही होते आणि तू म्हणालास, कागदावर सगळेच शूर असतात. मला ते पटलं होतं, दादा. म्हणजे इतकी वर्षं मी त्यांच्या घरात राहून तुझ्या बाजूला होते.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि बाबांना बोलावलं. म्हटलं, म्हातारपणी हातोबाचा मानमरातब तरी बघतील. चहाचा कप घेऊन, चष्मा पुसून बसले. पडद्यावर हातोबा ताडताड चालत थेट खड्ड्याच्या काठावर गेला, फळ्या सूं सूं करत फेकल्या, वाकला आणि हात खाली घातला. मला वाटलं, शाबास म्हणतील. ते उठले ते खुर्चीच मागे पडली. कप कळफलकावर आडवा झाला. दोन्ही हातांनी पडदा मागे ढकलायला लागले आणि मी जन्मात न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, मागे घे त्याला, आधी मागे घे, सगळं खाली जाईल. मला वाटलं, यांना काहीतरी झालं, डॉक्टरांना बोलवावं. मी हात धरला. मग एकदम शांत झाले, माझ्याकडे ओशाळून पाहिलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी कपाटावरची, बाबांच्या जुन्या कागदांची पत्र्याची पेटी खाली काढली. मी आजवर काम केलं ते कंपनीकडे आलेल्या छापील प्रतींवरून, आणि त्यांचे समास कापलेले. मूळ कागद बाबांकडे होते आणि मी ते मागायची तसदीही घेतली नव्हती. तुला माहीत नसेल, रोबोचं चित्र काढलं की तो केवढा ते कळावं म्हणून शेजारी एक माणूस काढायची पद्धत आहे. छापील प्रतीत त्या जागी हेल्मेट घातलेला नीटनेटका चालक आहे. बाबांच्या कागदांवर तिथे एक मुलगा आहे. प्रत्येक कागदावर तोच, आणि त्याच्या एकाच पायात बूट आहे. तुझा एक बूट त्या खड्ड्यातच राहिला होता ना? मी खाली फरशीवर बसले.

त्याच्या खाली समासात बारीक अक्षरात सूचना होत्या, धुलाई यंत्राच्या पुस्तिकेत असतात तशा. 'काठावर वजन नको. वजनाने माती सुटते. आधी पाच पावलं मागे.' फळ्यांपाशी लिहिलेलं, 'या ढाली नव्हेत. वजन पसरण्यासाठी. यांवर झोपूनच पुढे सरकणे.'

दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले. मी पेटीत गुंतले होते तेवढ्यात त्यांनी लॅपटॉप आत नेला होता आणि पलंगाच्या कडेला बसून माझ्या कळफलकातला चहा रुमालाच्या टोकाने टिपत होते. मी कागद समोर ठेवला. म्हणाले, मी वाकलो की माती जायची, एकदा नाही, तीनदा वाकलो, तिसऱ्यांदा धुळीत त्याचं डोकं दिसेना. तेव्हा कळलं की हे मी करतोय. म्हणून ते मागे झाले आणि पलीकडच्या बांधकामाच्या परांचीवरच्या फळ्या आणायला धावले. फळ्या ओढत परत आले तोवर बंब पोचला होता. जवानांनी त्यांच्या हातातून फळ्या घेतल्या, काठाशी टाकल्या आणि त्यांना दोरीबाहेर काढलं. फळ्यांवर पालथे झोपलेले जवान तुला आठवतात. त्या फळ्या कुणी आणल्या हे आपण कुणी कधी विचारलं नाही. मी म्हटलं, दादाला हे का नाही सांगितलंत? म्हणाले, काय सांगू त्याला, 'तुला मीच पुरत होतो' म्हणून? सहा वर्षांचं पोर ते. बाप टाकून गेला म्हटल्यावर निदान चिडून झोपायचा तरी. एवढं बोलून परत कळफलक पुसायला लागले. आईला हे ठाऊक होतं का, ते विचारायचं मला सुचलं नाही.

सोमवारी मी साहेबांसमोर जाऊन पाती काढून टाकली. फळ्या पुन्हा आडव्या केल्या, पाच पावलं परत घातली. ते म्हणाले, डोकं फिरलंय का, याला कोण घेईल? मी म्हटलं, आपण उगाच रोबो वाकवत बसलो, पट बदलू. पटावर खड्डे ठेवले आणि नियम घातला की कुठलाही रोबो काठच्या चौकोनावर उभा राहिला की आत अडकलेल्यावर माती पडेल. खोलीतल्या सगळ्यांनी खेळून पाहिलं. तलवारवाले, अग्निबाणवाले, सगळे मदतीला धावले आणि दर वेळी आतला माणूस गाडला गेला. मग कुणीतरी हातोबाला पुढे आणलं. तो पाच चौकोन मागे गेला तेव्हा कुणी हसलं नाही. साहेब एवढंच म्हणाले की ठेवा हे.

आता तुझ्या पत्राचं. आमच्या छोटीला वीस तारखेला सहा वर्षं पूर्ण होतात, तू ये, बाबांना आणू नकोस, चालेल ना, असं तू विचारलं होतंस आणि मी 'बरं' म्हणाले. ते 'बरं' परत घेते. मी त्यांना काही न कळवता घेऊन येईन असंही नाही, तुझ्या परवानगीशिवाय ते पायरी चढणार नाहीत. तुझ्या लग्नात ते सगळ्यांत मागच्या रांगेत बसले, छोटी झाली तेव्हा इस्पितळाच्या फाटकाशी थांबून परत आले, आणि आपण म्हणालो की यांना कशाचंच काही नाही. दादा, ते अजून काठापासून लांब उभे आहेत. तू कधीच वर आला आहेस हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मी काल सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि खुर्ची जरा मागे सरकवली. माझ्या सांगण्याने होणार नाही ते. तू त्यांना फोन कर.

तुझीच,
गोगलगाय