रिकाम्या खुर्चीतली निळी रेघ

५ ऑक्टोबर, दुपार

प्रिय ठमे,

आशीर्वाद. फोनवर चार शब्दांत आटोपणाऱ्या दादाचं पत्र पाहून तुझ्या भुवया वर गेल्या असतील. आम्ही बरे आहोत. तुझी वहिनी गुडघ्याच्या नावाने खडे फोडते आणि जिने चढायचे तेवढे चढतेच. मंगळवारच्या तुझ्या ऑपरेशनची काळजी तुझ्यापेक्षा तीच जास्त करते. मी करत नाही, असं तिचं मत आहे.

बातमी अशी, की आपल्या 'षट्कोन' चित्रकथेचा तेविसावा अंक पुन्हा निघतोय. बाबांच्या मूळ पानांवरून, मूळ आकारात. प्रकाशनाची संपादक मुलगी घरी आली होती. तिने प्रस्तावनेत लिहिलं होतं, 'या अंकात संघातली नायिका पहिल्यांदाच मरते.'

मी म्हटलं, "बाई, मरायचे सगळेच. पुढच्या अंकात कुठल्यातरी किरणाने उठून बसायचे. झेप मेली आणि मेलेलीच राहिली, हे पहिल्यांदा घडलं."

"मग काका, प्रस्तावना तुम्हीच लिहा ना!"

"लिहिली असती. पण लोक चित्रं बघायची सोडून तीच वाचत बसतील."

हसली. मुलगी बरी आहे, फक्त घाईची आहे.

त्या अंकाचं शेवटचं पान तुला आठवायला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. झेपचं नाक तुझं, वेणी तुझी. शाळेतून येऊन दप्तरही न काढता तू बाबांना विचारलं होतंस, "मलाच का मारलंत?" नंतर कितीतरी दिवस त्यांच्या शेजारी जेवायला बसली नाहीस. तरी सांगतो, कारण सांगणं भाग आहे. गोल टेबल, पाच जण, सहावी खुर्ची रिकामी. अख्ख्या पानावर संवादाचा एक फुगा नाही. त्याआधी अंक संपला की सगळं जिथल्या तिथे यायचं. या पानानंतर वाचक धास्तावून पान उलटायला लागला आणि प्रत्येक चित्रकथेतल्या संघात कुणी ना कुणी कायमचं जायला लागलं. आता तर रिकामी खुर्ची ज्याला त्याला लागते. पहिली आपल्या घरात काढली गेली. पेन्सिल बाबांची, शाई माझी. मला कुणी शिकवलं नाही. बाबांच्या रेघेमागून ब्रश चालवत शिकलो.

बाबा आधी फिक्या निळ्या पेन्सिलीने काढायचे. छपाईचा कॅमेरा तो निळा बघतच नाही, म्हणून शाई झाल्यावर तो पुसावा लागत नाही. सगळ्या पानांवर तो अजून आहे. त्या खुर्चीत मात्र नव्हता. मी शाई केलेल्या पानावरची रेघ मी विसरत नाही.

परवाच्या छपाईसाठी पानं कपाटातून बाहेर काढली तेव्हा खुर्चीत निळ्या रेघेचा एक खांदा होता.

मी खोडरबरने पुसला. सकाळी कपाट उघडलं तर खांदा परत, आणि हातही आलेला, मांडीवर ठेवलेला. सावलीच्या रेघा डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या. तशा डावखुऱ्या माणसाच्याच पडतात. आपल्या घरात डावखुरं कोण होतं, हे तुला सांगायला नको.

वाटलं, वय झालं, डोळे फसवतायत. म्हणून संपादक मुलगी पुन्हा आली तेव्हा काही न बोलता पान तिच्यापुढे सरकवलं.

"अय्या, खुर्चीत कुणीतरी बसलंय की! बाई आहे. काका, हे आधी का नाही दाखवलंत?"

"नीट बघा. कशी आहे?"

"चष्मा आहे. केस अगदी बारीक कापलेले." मग पानावर वाकली. "डोळे नाहीत हो हिला."

बाबा डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, ठमे.

चष्मा तुला बाबा गेल्यावर लागला. आणि हॉस्पिटलात त्रास नको म्हणून केस कापल्याचं तू परवा फोनवर सांगितलंस. चित्रात ते त्याआधीच कापलेले होते. तू बोलत होतीस आणि मी नुसता हं हं करत होतो. तुला वाटलं असेल, दादाचं नेहमीचंच.

आज सकाळी डावा डोळा आला होता. तुझाच. जरासा मिटत आलेला.

मी पुसला नाही. हजामतीचा आरसा टेबलावर उभा केला, शाईची बाटली उघडली आणि त्या खुर्चीत मला बसवलं. टक्कल, जाड मान, सुटलेलं पोट, एकेक रेघ हिशेबाने. तुझा डोळा माझ्या कपाळाच्या काळ्या रेघांखाली गेला. दोन्ही डोळे उघडे काढले आहेत. शाई वाळेपर्यंत शेजारी बसून राहिलो. त्या चौकटीत नवी निळी रेघ उमटली नाही.

संपादक मुलगी कपाळावर हात मारून घेईल. दुसऱ्या कुणी त्या पानावर एक ठिपका टाकला असता तर मी त्याचा हात धरला असता. मी केलं. त्या पानावर माझा हक्क होता म्हणून नाही. दुसरा उपाय सुचला नाही म्हणून.

हे पत्र आज टाकत नाही. मंगळवार पार पडला, तू शुद्धीवर आलीस, असा मेव्हण्यांचा फोन आला की मग टाक, असं तुझ्या वहिनीला सांगून ठेवलंय. "तुम्ही कुठे चाललात?" असं ती विचारत होती. मी म्हटलं, कुठे नाही.

म्हणजे हे तू वाचते आहेस, तर तू आहेस. बाबांवर रागावू नकोस. त्यांना सोबत हवी असेल, एवढंच. मला चालेल. त्यांच्या पेन्सिलीमागून मी नेहमीच गेलोय.

डोळ्यांना जप.

तुझा,
दादा